तुम्ही विचारलंत म्हणून: ज्वारीच्या पाण्यानं तण मरतं का?

लग्नात, हळदीकुंकवाला, कळव्याहून मुरबाडला निघताना स्टेशनवरसुद्धा: "तणनाशक मारून मोकळं व्हायचं सोडून हे ज्वारीचं पाणी कशाला? त्यानं तण मरतं तरी का?"

थोडं मरतं. ज्वारीची ताटंपानं भिजवून काढलेलं हे पाणी असो, की वाफ्यात अंथरलेली हिरवी ज्वारी, उगवू पाहणारं बारीक तण थांबतं. लव्हाळ्याला फारसं काही होत नाही, त्याच्या गाठी जमिनीत सुखरूप असतात. तो मी आजही खुरप्यानंच काढते.

पण म्हणून याला थोतांड म्हणू नका. ज्वारीच्या मुळांवरच्या बारीक केसांतून सोर्गोलिओन नावाचं तेलकट द्रव्य पाझरतं आणि शेजारच्या कोवळ्या रोपाचं प्रकाशसंश्लेषण अडवतं. ताटापानांत आणखी वेगळी द्रव्यं असतात. कोवळी ज्वारी खाऊन गुरं दगावतात, हे घाटावर कुणाला शिकवावं लागत नाही. एका झाडाच्या रसायनाचा दुसऱ्यावर असा परिणाम होतो, त्याला 'अ‍ॅलेलोपथी' हे नाव मोलिश या शास्त्रज्ञानं १९३७ साली दिलं. मीही तेव्हा सगळ्यांना हेच ऐकवायचे, आणि वर सांगायचे, "झाडाचंच आहे, अपाय कसला?"

तेच वाक्य मला नडलं.

त्या वर्षी मुरबाडच्या परसात चाऱ्याची ज्वारी केली होती. गणपतीनंतर हिरवीच कापली, बारीक केली, वाफ्यात अंथरली, थोडी मातीत मिसळली. आठ दिवसांनी सासूबाईंनी त्यात माठ पेरला. बी त्यांचं स्वतःचं, दरवर्षी राखलेलं, राखेत घोळून डब्यात ठेवलेलं. उगवलं ते तुरळक, पिवळं, दोऱ्यासारखं. चार दिवसांत माना टाकल्या. तण मात्र खरंच कमी होतं. सासूबाई वाफ्याशी उकिडव्या बसून माती चाचपत होत्या. मी म्हटलं, "आई, बी जुनं झालं असेल."

त्यांनी मान डोलावली आणि डब्यातलं उरलेलं बी कोंबड्यांपुढे टाकलं.

त्यातलंच चिमूटभर मी आधी कळव्याला आणलं होतं. गॅलरीतल्या कुंडीत टाकलं, दाट उगवलं. बी जिवंत होतं. ज्वारीचं विष तण कुठलं आणि माठ कुठला हे ओळखत नाही; बी जितकं बारीक तितका मार जास्त. डिसेंबरात त्याच वाफ्यात वाल टोकले, ते तरारले. वालाचं बी मोठं, शिवाय तोवर विषही उतरलं असणार. नक्की कशानं, ते एका वाफ्यावरून मी सांगू शकत नाही.

मग सोडलं का नाही? वालाच्या आधी ज्वारी अजूनही अंथरते, कारण बेणणीला माणूस मिळत नाही आणि विहीर वाफ्याला लागून आहे. बाजारातलं औषध तिथे मारायला माझा हात धजत नाही. हे कारण पुरेसं आहे का, असं माझ्या जाऊबाई विचारतात. मला वाटतं, आहे. कधी वाटतं, मी हट्ट करतेय.

कुंडीतल्या माठाचं बी धरलं आणि सासूबाईंना नेऊन दिलं. "कुठनं मिळालं गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "कळव्यात." एवढंच.