अमरदाद 1350

वैजापूर तालुक्यातल्या एका मिशन शाळेत मी क्लार्क आहे. जूनमध्ये दाखल्यांची गर्दी असतेच, पण 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून पोरांपेक्षा त्यांच्या आज्या-पणज्यांचेच उतारे जास्त निघायला लागलेत. जुनी रजिस्टरं परत कपाटात ठेवायलाही सवड मिळत नाही.

त्या दिवशी सत्तरीचे एक बाबा आले. त्यांच्या नातवाची जात पडताळणी अडकली होती. महारातून ख्रिस्ती झालेली माणसं आपल्याकडे ओबीसीत येतात आणि त्यांना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. बाबांचे वडील इथल्या बोर्डिंगात होते, एवढीच त्यांची माहिती.

सर्वांत जुनं दाखल-खारीज रजिस्टर काढलं. कडा वाळवीनं खाल्लेल्या, पानं पापडासारखी. आम्ही तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणून तारखा फसली सनाच्या, म्हणजे निजामाच्या सरकारी कालगणनेच्या. वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्यापासून सुरू. जानेवारीपासून पुढची नोंद असेल तर इसवी सनासाठी फसली सालात 591 मिळवायचे. हे गणित माझ्या आधीच्या क्लार्कनं माझ्याकडून घोकून घेतलंय. तासाभरानं नाव सापडलं. अमरदाद 1350, म्हणजे जून 1941.

जातीच्या रकान्यात फक्त ‘ख्रिस्ती’.

बाबांचा चेहरा उतरला. तेवढ्यात खालची ओळ दिसली. बाप तोच, गाव तेच, दाखल तारीखही तीच. बाबांचे थोरले चुलते. त्यांच्यापुढे लिहिलेलं होतं, ‘ख्रिस्ती, पूर्वीचे महार’.

“एकाच दिवशी आले आन् एकच महार व्हय?” बाबांनी विचारलं.

अक्षर बघितलं तर उलगडा झाला. वरची ओळ गोऱ्या फादरांची. या भागात फ्रान्सकडचे, सेंट फ्रान्सिस द सेल्सच्या संघाचे फादर असायचे. घोगरगावच्या जाकियरबाबांचं नाव इकडे अजून निघतं. वरची ओळ लिहिणाऱ्या फादरांची देवनागरी सुटी सुटी, प्रत्येक अक्षराला वेगळी शिरोरेघ. खालची ओळ मास्तरांची, सलग आणि झोकदार. मागची-पुढची पानं चाळली. फादरांच्या हातच्या सगळ्या ओळी नुसत्या ‘ख्रिस्ती’. बाप्तिस्म्याच्या पाण्याबरोबर जात धुतली गेली, असं त्यांना मनापासून वाटत असणार. मास्तर इथलेच. वेशीबाहेर राहिलेले असतील, त्यांना काय ते ठाऊक होतं. मला विचाराल तर मास्तरांचंच लिहिणं खरं होतं, पण फादरांवर रागही धरवत नाही.

काम मात्र झालं. चुलत्याची नोंद रक्तनात्यातली, वंशावळीचं शपथपत्र जोडलं की पडताळणी समितीपुढे ठेवता येते. दोन्ही ओळींचे उतारे लिहायला घेतले. लिहिता लिहिता शेवटच्या रकान्याशी आलो, शाळा सोडल्याचं कारण. चुलत्यांपुढे ‘चौथी पास’. वडिलांपुढे, परत त्या सुट्या सुट्या अक्षरांत, ‘बोर्डिंगातून पळाला’.

बाबा चष्मा सारखा करून कितीतरी वेळ बघत राहिले. मग खांदे हलवून हसायला लागले. “म्हाताऱ्यानं आमाला जल्मभर सांगितलं, मी चौथी पास हाये. आन् शाळा बुडवली की आमालाच फोकानं हाणायचा!”

उतारा हातात घेऊन दारापर्यंत गेले आणि मागे वळले.

“सर, तेवढा येक रकाना झाकून झेरॉक्स निघंल का? नातू बी हॉस्टेलातच हाये.”