मोंमार्त्र मागून चढा, पिगालला उतरा

पॅरिसला येणारे बहुतेक जण मोंमार्त्रची टेकडी चुकीच्या टोकानं बघतात. मेट्रोनं आंव्हेरला उतरायचं, गर्दीतून पायऱ्या चढायच्या, साक्रे-कर चर्चच्या घुमटाखाली फोटो, प्लास द्यु तर्त्र या चौकात महागडी कॉफी, आणि रात्री मुलाँ रूज या कॅबरेच्या लाल पवनचक्कीसमोर आणखी एक फोटो. टेकडी बघून होते, वस्ती राहूनच जाते. तीच फेरी उलट केली, म्हणजे उत्तरेकडून चढून दक्षिणेला उतरलं, तर गर्दी टळते, चढ दुपारी संपतो आणि अंधार पडायच्या वेळेला आपण नेमके पायथ्याच्या पिगालला, म्हणजे रात्री जागणाऱ्या वस्तीत पोचतो.

आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी : ही सगळी रंगेल वस्ती इथंच का जमली? उत्तर जकातीत आहे. १७८०च्या दशकात पॅरिसभोवती करवसुलीची भिंत बांधायला घेतली. वेशीच्या आत येणाऱ्या दारूवर जकात बसायची. मोंमार्त्र हे गाव भिंतीच्या बाहेर, त्यामुळं तिथं दारू स्वस्त. शहरातले कामगार रविवारी वेस ओलांडून प्यायला आणि नाचायला यायचे. १८६० मध्ये गाव पॅरिसमध्ये सामील झालं, भिंत पडली, सवलत गेली; पण नाचघरं आणि लोकांची सवय दोन्ही जागेवरच राहिली. आजचे बुलेव्हार द क्लिशी आणि बुलेव्हार द रोशशुआर हे हमरस्ते त्या भिंतीच्याच रेषेवर आहेत. ते इतके रुंद का, हेही यातूनच कळतं : भिंतीच्या आतला रस्ता, बाहेरचा रस्ता आणि भिंतीची जागा, असे तिन्ही एक झाले. मधल्या झाडांच्या पट्ट्यावरून चालताना आपण जुन्या जकातनाक्यांच्या ओळीतून चालत असतो.

वेळेचं गणित ऋतूवर आहे. जूनमध्ये सूर्य मावळायला रात्रीचे जवळजवळ दहा वाजतात, तेव्हा निऑन दिवे बघायचे तर निघायचंही उशिरा. ऑक्टोबरच्या मध्याला सातच्या सुमारास अंधारतं. दुपारी साडेतीनला सुरुवात केली की सगळं बरोबर बसतं. फक्त ऑक्टोबरमध्येच इथला द्राक्षतोडणीचा उत्सव असतो आणि त्या शनिवार-रविवारी टेकडीवर पाय ठेवायला जागा नसते. उत्सवासाठीच जाणार असाल तर गोष्ट वेगळी.

सुरुवात मेट्रोच्या १२ नंबर मार्गावरच्या लामार्क-कोलँकूर स्टेशनवरून. लिफ्टनं वर या, बाहेरच्या पायऱ्या चढून र्यू (म्हणजे रस्ता) कोलँकूर गाठा आणि मग र्यू दे सोल धरा. चढ खडा आहे पण छोटा. बूट पकड असलेले हवेत. इथले दगडी रस्ते पावसात फार निसरडे होतात.

डाव्या हाताला हिरव्या कुंपणाआडचं बुटकं घर दिसेल, ते लापाँ आजिल हे जुनं कॅबरे. पातेल्यातून उडी मारणाऱ्या, हातात बाटली सांभाळणाऱ्या सशाची पाटी आंद्रे जिल या व्यंगचित्रकारानं रंगवली. मूळ पाटी वरच्या मोंमार्त्र संग्रहालयात आहे. घर पाडायची वेळ आली तेव्हा १९०३ मध्ये गायक आरिस्तीद ब्रुआँनं ते विकत घेतलं आणि फ्रेदे नावाच्या गिटार वाजवणाऱ्या, दाढीवाल्या माणसाच्या हाती चालवायला दिलं. पिकासोनं १९०५ मध्ये या जागेसाठी काढलेलं चित्र इथल्या भिंतीवर लटकत असे. १९८९च्या लिलावात त्याला चार कोटी डॉलरहून जास्त किंमत आली आणि आता ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. १९१०चा किस्सा तर इथल्या टवाळीचा कळस : लेखक रोलां दॉर्जलेस आणि मित्रांनी फ्रेदेच्या गाढवाच्या शेपटीला ब्रश बांधला, खाली कॅनव्हास धरला आणि ते चित्र बोरोनाली या बनावट इटालियन चित्रकाराच्या नावानं सालों दे अँदेपांदां या प्रदर्शनात लावलं. समीक्षकांनी त्याची दखलही घेतली.

कार्यक्रम आजही रात्री नऊला सुरू होतो. सोमवारी बंद, इतर वार जाण्याआधी पाहून घ्या. पहिल्या पेयासकट साधारण ३५ युरो धरा. आत लाकडी बाकं, अंधूक दिवे, माइक नाही, जेवण नाही, आणि गाणी सगळी फ्रेंचमध्ये. फ्रेंच अजिबात येत नसेल तर पहिला तास मजेत जातो, नंतर अवघड होतं. शिवाय लापाँ आजिल आणि पिगालची रात्र एकाच दिवशी जमत नाही, दोन्ही नऊच्या पुढच्या गोष्टी. निवड करायची झाली तर लापाँ आजिलला वेगळी संध्याकाळ द्या.

समोरची द्राक्षबाग १९३३ मध्ये लावली, ती वाइनसाठी कमी आणि त्या जागेवर इमारती होऊ नयेत म्हणून जास्त. उतार उत्तरेकडचा, म्हणजे द्राक्षांसाठी चुकीचा. बाग एरवी कुलूपबंद असते. ती नीट दिसते शेजारच्या र्यू कोर्तोवरच्या १२ नंबरमधून, म्हणजेच मोंमार्त्र संग्रहालयाच्या बागेतून. या टेकडीवर एकाच ठिकाणी पैसे खर्च करायचे असतील तर ते इथं करा. तिकीट १५ युरोच्या आसपास. १८७६ मध्ये चित्रकार रन्वार इथं भाड्यानं राहून ‘मुलाँ द ला गालेत’ या नाचघरातल्या नाचाचं चित्र काढत होता. पुढं याच आवारात सुझान व्हालादों आणि तिचा मुलगा युत्रिलो राहिले. व्हालादों आधी चित्रकारांची मॉडेल होती, त्यांच्या हाताकडं बघत बघत स्वतः चित्रकार झाली. तिचा स्टुडिओ पुन्हा मांडून ठेवलाय; उत्तरेच्या काचेतून येणारा सपाट उजेड तिथं उभं राहूनच कळतो. बंद व्हायच्या बऱ्याच आधी आत शिरा, नाहीतर घाई होते.

प्लास द्यु तर्त्र लवकर उरका. चौकात स्टँड मांडून बसलेल्या चित्रकारांकडं पालिकेचा परवाना असतो. हातात वही घेऊन मागं लागणाऱ्यांकडं नसतो. तुम्ही ‘नको’ म्हणत असतानाच ते रेषा ओढायला लागतात आणि मग पैसे मागतात. थांबायचंच नाही, हा एकच उपाय. चित्र खरंच काढून घ्यायचं असेल तर बसण्याआधी किंमत आणि कागदाचा आकार दोन्ही ठरवा.

साक्रे-करमध्ये प्रवेश मोफत, घुमटाला तिकीट. टेकडी जिप्समच्या खाणींनी पोखरलेली (प्लास्टर ऑफ पॅरिस इथलंच), म्हणून पायासाठी ८०हून जास्त विहिरी तीस मीटरपेक्षा खोल खणून दगडांनी भराव्या लागल्या. १८ मार्च १८७१ला याच टेकडीवरच्या तोफा सरकार न्यायला आलं, लोकांनी अडवलं, आणि त्यातून पॅरिस कम्यून, म्हणजे शहरातल्या बंडखोरांचं सरकार उभं राहिलं. कम्यून चिरडल्यावर चार वर्षांनी या चर्चचं काम सुरू झालं, त्यामुळं डाव्या विचारांच्या पॅरिसकरांचा त्यावर अजून राग आहे. खालच्या उतारावरच्या बागेला मात्र कम्यूनमध्ये लढलेल्या, इथल्याच शाळेत शिकवणाऱ्या लुईझ मिशेलचं नाव दिलंय.

त्या बागेच्या खालच्या टोकाला दोरा बांधणारे उभे असतात. हात पुढं केला की बोटाला दोरा गुंडाळतात, गाठ मारतात, मग पैसे. हात खिशात ठेवून, नजर न देता चालत राहा. आंव्हेर स्टेशनात आणि मेट्रो २च्या डब्यात खिसेकापू दार बंद होण्याच्या क्षणाला काम करतात. फोन हातात धरून दाराशी उभं राहू नका. आपल्या चालण्याच्या मार्गात बागेचं हे टोक आणि आंव्हेर स्टेशन लागतच नाहीत. गुडघ्यांचा त्रास असेल तर र्यू फोयातिएच्या २२२ पायऱ्यांऐवजी शेजारची फ्युनिक्युलर (उतारावर दोरानं ओढली जाणारी गाडी) घ्या किंवा टेकडीच्या गल्ल्यांतून फिरणारी ४० नंबरची छोटी बस. पॅरिसच्या वाहतुकीचा नाविगो पास दोन्हीकडं चालतो.

आता पश्चिमेकडून उतरायचं. र्यू लपिकवर दोन खऱ्या पवनचक्क्या उरल्यात, त्यातली एक १६२२ची. चक्कीवाले आधी पिठाच्या भाकऱ्या विकत, मग वाइन, मग नाचघर. थोडं खाली ५४ नंबरात १८८६ ते १८८८ व्हॅन गॉग भावाकडं राहायचा. बाहेरून बघायचं आणि पुढं जायचं. बातो-लावार ही चित्रकारांच्या स्टुडिओंची इमारत बघायला लांबून येणाऱ्यांची मात्र निराशा होते. १९०४ ते १९०९ पिकासो राहिला, १९०७ मध्ये ‘दमोझेल दाव्हिन्यों’ हे चित्र काढलं, अख्ख्या इमारतीला एकच नळ होता, हे सगळं खरं. पण ती लाकडी इमारत १९७० मध्ये जळाली. आज तिथं काचेआड फोटो आहेत, बाकी बघण्यासारखं काही नाही.

जेवण आबेसच्या आसपासच्या गल्ल्यांत करा, वरच्या चौकात नाही. बकव्हीटची (कुट्टूच्या पिठाची) गालेत, म्हणजे पातळ धिरडं, स्वस्त आणि पोटभरीची. शाकाहारी असाल तर ‘काँप्लेत’ मागवू नका, त्यात हॅम असतं. ‘सां जांबों’ (हॅम नको) असं स्पष्ट सांगा. ‘कराफ दो’ म्हटलं की नळाचं पाणी फुकट मिळतं. कॉफी उभ्यानं काउंटरवर घेतली तर टेबलापेक्षा स्वस्त पडते, दोन्ही दर लावलेले असतात. आबेस स्टेशनचं काचेच्या छताचं दार वास्तुकार गिमारच्या जुन्या शैलीतलं आहे, जरूर बघा. पण हे स्टेशन पॅरिसमधलं सगळ्यात खोल, सुमारे ३६ मीटर. गोल जिन्यावरची चित्रं बघायच्या नादात चढायला लागलात तर दम निघेल. लिफ्ट आहे.

र्यू दे मार्तीरनं खाली या. ७५ नंबरचं नाट्यगृह म्हणजे जुनं दिव्हां जापोने कॅबरे, ज्याचं पोस्टर चित्रकार तुलूझ-लोत्रेकनं १८९३ मध्ये केलं. शेजारी मादाम आर्त्यूर, १९४६ पासूनचं, पुरुषांनी स्त्रीवेशात गाण्याचं कॅबरे. मुलाँ रूजपेक्षा खर्च बराच कमी आणि पिगालच्या मूळ स्वभावाच्या जास्त जवळ.

बुलेव्हारवर ८४ रोशशुआर इथं नोव्हेंबर १८८१ मध्ये रोदॉल्फ सालिसनं शा नुआर (‘काळं मांजर’) हे कॅबरे उघडलं. कवी, चित्रकार, गवई यांना मंच, आणि वेटरांना फ्रेंच अकादमीच्या सदस्यांसारखे पोशाख. १८८५ मध्ये ते आजच्या र्यू विक्तॉर मासेवर हललं आणि तिथं आंरी रिव्हिएरनं जस्ताचे आकार कापून छायानाट्यं केली. पियानोवर काही काळ संगीतकार एरिक साती होता. जुन्या जागेत ब्रुआँ श्रीमंत गिऱ्हाइकांना शिव्या घालायचा आणि ते त्यासाठीच यायचे. दुकानादुकानांत विकलं जाणारं काळ्या मांजराचं पोस्टर १८९६चं, मंडळीच्या दौऱ्यासाठी केलेलं. पुढच्याच वर्षी सालिस वारला आणि कॅबरे संपलं.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास चित्रकार मोंपारनास या पॅरिसच्या दुसऱ्या भागात गेले आणि युद्धानंतर पिगालच्या खालच्या गल्ल्या जॅझनं भरल्या. ५२ र्यू पिगालचा ग्राँ द्युक हा क्लब युजीन बुलार्ड चालवत असे. हा फ्रान्सकडून लढलेला कृष्णवर्णीय अमेरिकन वैमानिक. तिथं ब्रिकटॉप ही गायिका गायची, आणि १९२४ मध्ये मोरीत भांडी घासायला होता कवी लँग्स्टन ह्यूज. नकाशात आता ‘र्यू जाँ-बातिस्त पिगाल’ असं शोधा.

१९४६च्या कायद्यानं कुंटणखाने बंद झाले आणि त्यांची जागा ‘होस्टेस’ बारनी घेतली. र्यू फ्रोशोवरच्या अशा काही जागांत आज कॉकटेल बार आहेत, तिथं निर्धास्त जा. फसवणूक होते ती बुलेव्हारवर, दाराशी उभा माणूस ‘फक्त बघा, एक ड्रिंक’ म्हणतो तिथं. आत कुणीतरी शेजारी येऊन बसतं, तिच्यासाठी बाटली उघडली जाते, आणि बिल शेकड्यांत येतं. बाहेर दरपत्रक लावणं कायद्यानं बंधनकारक आहे. ते नसेल तर आत जाऊच नका. अडकलात तर कार्ड देऊ नका, पोलिसांच्या १७ किंवा तातडीच्या ११२ नंबरला फोन लावा.

मुलाँ रूजची चक्की कधीच धान्य दळणारी नव्हती, ६ ऑक्टोबर १८८९ला जाहिरात म्हणूनच ती उभी राहिली. एप्रिल २०२४ मध्ये तिची पाती पडली, जुलैत नवी बसली. नऊ आणि अकराचे खेळ. जेवणाशिवाय तिकीट शंभर युरोच्या आसपास सुरू होतं, जेवणासह दुप्पट धरा. जेवण नकोच, अकराचा खेळ घ्या. हाफपँट, चपला, खेळाचे कपडे चालत नाहीत, फोटोही नाही. लांब टेबलांना अनोळखी लोकांशेजारी बसवतात. मात्र हा खेळ सुटेपर्यंत रविवार ते गुरुवार शेवटची मेट्रो रात्री साधारण सव्वाला निघून गेलेली असू शकते. शुक्रवार-शनिवारी सव्वादोनपर्यंत मिळते. इतर दिवशी नॉक्टिलियन रात्रबसचा थांबा आधीच हेरून ठेवा, किंवा टॅक्सी रांगेतूनच घ्या, फुटपाथवर ‘टॅक्सी, टॅक्सी’ ओरडणाऱ्याची नको.