क्वार्टरचा हिशेब

व्यसनमुक्ती केंद्रात दाखल करून घेताना मी प्रत्येकाला विचारते, रोज किती घेता? कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत मोल्डर, म्हणजे ओतकामाचे वाळूचे साचे बनवणारा, असलेला तो गडी म्हणाला, "एक क्वार्टर. ती बी शिणवटा जावा म्हणून." मागे उभ्या बायकोनं गुपचूप तीन बोटं दाखवली. मी केसपेपरवर तीन लिहिलं. हा आकडा चुकला की औषधाचा डोस चुकतो, म्हणून बायकोचा हिशेब मी आधी धरते.

नंतर ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "सिस्टर, चहातनं द्यायची पावडर मिळती म्हणं. तेवढी द्या की." हे आम्हाला सारखं ऐकावं लागतं. डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध पोटात असताना दारू प्यायली तर छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, प्रसंगी जीवही जातो. आपण काय घेतोय हे माणसाला माहीत असल्याशिवाय ते द्यायचं नाही. मी सगळं समजावलं. तिला पटलं असं काही दिसलं नाही.

पहिले दोन दिवस हात थरथरण्यात आणि घाम पुसण्यात गेले. बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, फिट येऊ नये म्हणून गोळ्या, दर काही तासांनी नाडी नि बीपी. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास तो कॉटवरून उतरला आणि फरशीवर उकिडवा बसला. नसलेली वाळू दोन्ही हातांनी ओढून थापायला लागला, मुठीनं ठोकायला लागला, तळव्यानं कडा सारख्या करायला लागला. मी जवळ गेले तर ओरडला, "लॅडल आली, सरका बाजूला!" लॅडल म्हणजे वितळलेल्या धातूचं भांडं.

"येडं झालं ओ माझं माणूस," म्हणून बायकोनं दारातच बसकण मारली.

वेड नव्हे ते. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम थांबली की दोन ते चार दिवसांत काहींना असा भ्रम होतो, आणि त्यात हात आपलं रोजचं काम करत राहतात. घरच्या घरी दारू तोडायला गेलं आणि हे झालं तर जिवावर बेततं. डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं. मी दिवा चालू ठेवला आणि सांगत राहिले, तुम्ही दवाखान्यात आहात, आज मंगळवार आहे. ताप चढला असता तर सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, हलवायची तयारी होती. आणि खरं सांगू? त्याचा मोल्ड मोडू नये म्हणून रात्रभर मीही वळसा घालून चालत होते.

दहाव्या दिवशी गडी दोन भाकरी जास्त मागत होता, पोरांना तालमीतले किस्से सांगत होता. "बरा झालो, सोडा आता." मला भीती वाटते ती या दिवसाची. शरीर आठवड्याभरात सावरतं, ओढ महिनोन्महिने जात नाही. आपल्या सहीनं आलेल्याला नुसतं कुलूप लावून ठेवता येत नाही, २०१७चा मानसिक आरोग्य कायदा आहे. समुपदेशकांनी त्याला कोरा कागद दिला. फौंड्रीपासून घरापर्यंतचा रस्ता काढा, जिथं पाय वळतो तिथं फुली मारा. अर्धा तास मान खाली घालून बसला. कोपऱ्यात पगाराची तारीखही लिहिली. फुल्या सहा.

संध्याकाळी डबा घेऊन आलेल्या बायकोनं कागद निरखला. "पुलाजवळची कुठाय?"

"तितं आता जात न्हाई मी."

"गेल्या म्हैन्यात तितनंच उचलून आणलंय तुमास्नी."

तो जरा वेळ गप्प बसला. मग माझ्याकडे पेन मागितलं.