अपंगत्व पेन्शनचा रखडलेला दावा: माझा अनुभव

"वरून अजून आलं नाही." जवानाच्या अपंगत्व पेन्शनचा कागद अडकला की हे वाक्य ठरलेलं. तेव्हा 'वर' म्हणजे नक्की कुठे, हे आधी काढा. मराठा लाईट इन्फंट्रीच्या जवानाचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला. तिथून कागद प्रयागराजच्या पीसीडीएकडे (संरक्षण खात्याचं पेन्शन लेखा कार्यालय) जातात आणि पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, तिथून निघतो. कोल्हापुरातलं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्जाला मदत करतं, पत्र पुढे पाठवतं. मंजुरी त्यांच्या हातात नाही. तिथे हुज्जत घालून फक्त हेलपाटे वाढतात.

मग रिलीज मेडिकल बोर्डाचा, म्हणजे फौज सोडतानाच्या वैद्यकीय तपासणीचा, कागद काढा. टक्केवारी सगळे बघतात, पण दावा मरतो तो शेजारच्या रकान्यात. आजार सेवेमुळे झाला किंवा सेवेत वाढला, असं तिथे हवं. 'नाही' लिहिलं असेल तर इंग्रजी आद्याक्षरांवरून (Neither Attributable Nor Aggravated) फौजेत त्याला 'नाना' म्हणतात. हा नाना घरचा नव्हे. ब्लडप्रेशर, शुगरवाल्यांना तो हमखास भेटतो आणि कारण एका ओळीचं असतं: आजार पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या पोस्टिंगवर, सुरू झाला. इथे धरमवीर सिंग प्रकरणातला सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा निकाल कामाला येतो. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळेच झाला असं गृहीत धरायचं. तसं नाही म्हणायचं तर बोर्डाने कारणं द्यायची. म्हणून अपिलात भरतीच्या मेडिकलचा उल्लेख पहिल्या परिच्छेदात हवा. घरची हलाखी शेवटी लिहिली तरी चालते.

कागदच नसेल तर माहिती अधिकारात मागा. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. "माझ्या पेन्शनची माहिती द्या" असं मोघम लिहू नका. बोर्डाच्या कागदाची संपूर्ण प्रत, नामंजुरीचं पत्र आणि ते पाठवल्याची नोंद, असे तीन मुद्दे वेगवेगळे लिहा. तिसरा मुद्दा महत्त्वाचा, कारण पत्र बऱ्याचदा गावाकडच्या जुन्या पत्त्यावर जातं आणि जवान उत्तराची वाट बघत बसतो.

नामंजुरीनंतर पहिलं अपील सहा महिन्यांत करायचं, त्यावर दुसरं. स्पीड पोस्टनेच पाठवा आणि पोहोचल्याची नोंद लगेच छापून ठेवा. अपिलावर सहा महिने उत्तर आलं नाही, तर सशस्त्र दल न्यायाधिकरण कायदा, २००७ च्या कलम २१ प्रमाणे खात्यातले उपाय संपले असं धरतात आणि न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येतं. पोचपावती नसेल तर हे सहा महिने मोजायचे कुठून?

उशीर किती महागात पडतो तेही बघा. तरसेम सिंग निकालापासून (२००८) थकबाकी साधारणपणे केस दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांचीच मिळते. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, हा हिशोब. पगार ४०,००० असेल तर २० टक्क्यांना २,४०० रुपये, वर महागाई भत्ता. राम अवतार निकालाने (२०१४) ५० च्या खालची टक्केवारी ५० धरली जाते, म्हणजे तेच ६,००० होतात. २१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांना मात्र नवे नियम आहेत, हा हिशोब त्यांनी धरू नये.

आपल्याकडची खास अडचण नावाची. डिस्चार्ज बुकात 'पाटील शिवाजी दत्तू', आधारवर 'शिवाजी दत्तात्रय पाटील'. माणूस एकच, पण स्पर्शवर (संरक्षण पेन्शनचं ऑनलाइन पोर्टल) कागद तिथेच थांबतो. ही दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसकडून पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे सेवा नोंदीतल्या बदलाच्या आदेशाने, होते. ती अपिलाबरोबरच सुरू करा, मंजुरीनंतर नको.

सुधारित पीपीओ आला की पेढे वाटण्याआधी टक्केवारी ५० आहे का, 'आजीवन' लिहिलंय का आणि लागू तारीख कोणती, एवढं वाचा.