केदारकंठा: थोड्या बर्फात जास्त जपून

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उत्तराखंडमधल्या केदारकंठा शिखराचा ट्रेक ठरला की ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो, "बर्फ मिळेल ना?" मिळेलही, पण थोडाच मिळाला तर जास्त जपावं लागतं. जानेवारीत गुडघाभर बर्फात पडलात तरी फारसं लागत नाही. पहिला बर्फ वीतभरच असतो. खालचे दगड आणि फटी झाकतो, वजन मात्र पेलत नाही. म्हणून काठी आधी, पाऊल मागून.

खरी गंमत वाटेतल्या जुडा का तालाब या तळ्याच्या वरच्या जंगलात. पायवाटेवरचा बर्फ दिवसभराच्या वर्दळीने दबतो, दुपारी जरा पाझरतो आणि रात्री काचेसारखा गोठतो. शिखरासाठी पहाटे तीन-चारला निघायचं ते याच काचेवरून, हेडटॉर्चच्या उजेडात. मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बुटावर रबराने चढवायचे साखळ्यांचे दात, लागतात ते इथे. ट्रेक सुरू होतो त्या सांकरी गावात भाड्याने घेत असाल तर स्वतःच्या बुटावर चढवूनच घ्या. आधी चवडा, मग रबर ताणून टाचेवर; साखळ्या तळव्याच्या बरोबर मधोमध. रबर ढिलं असेल तर आडव्या उतारावर साखळी एका बाजूला सरकते आणि पाय तिच्यासकट घसरतो. चढवायचे ते सपाटीवर, उतार सुरू व्हायच्या आधी. आणि स्पाइक्स घालून बसून घसरगुंडी अजिबात नको! दात बर्फात अडकतात, शरीर पुढे जातं, घोटा मोडतो.

सह्याद्रीच्या कातळावर छान पकड देणारे कापडी बूट इथे तासाभरात भिजतात. घोट्यापर्यंतचे वॉटरप्रूफ बूट हवेत, वर गेटर, म्हणजे बुटात बर्फ शिरू न देणारं पोटरीवरचं आवरण. मोज्यांचे तीन जोड एकावर एक चढवू नका. बूट आवळला की रक्त पोचत नाही आणि बोटं उलट जास्त गारठतात. बोटं हलली पाहिजेत, बस. चढताना जाड जॅकेट सॅकमध्ये ठेवा, थांबल्यावर घाला. घामाने भिजलेला सुती बनियन शिखरावरच्या वाऱ्यात हाडं गोठवतो. पाण्याची बाटली उलटी ठेवायची, म्हणजे बर्फ आधी बुडाकडे धरतो आणि झाकण उघडतं.

सांकरी साधारण १,९५० मीटरवर, शिखर ३,८०० च्या आसपास. मित्रांमध्ये "काही नाही रे" म्हणत डोकेदुखी लपवणारा एक तरी असतोच. डोकं दुखतंय आणि सोबत मळमळ किंवा चक्कर असेल, तर त्याने वर जायचं नाही. वाढलं तर सोबत घेऊन खाली. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, निघण्याआधी डॉक्टरांना विचारूनच, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आवर्जून सांगून.

परतायची वेळ सांकरीतच ठरवा, शिखर दिसायला लागल्यावर नाही. सकाळी दहा ठीक. ऊन चढलं की बर्फ ओला होऊन स्पाइक्सखाली गोळे धरतो, मग दात टेकतच नाहीत. दर काही पावलांनी काठीने बुटाच्या कडेवर टोला द्या, टाच रुतवत उतरा आणि पुढच्याच्या थेट वर राहू नका.