हामटा खिंड: दुपारच्या पाण्यात उतरू नका

हिमाचलातल्या मनालीजवळच्या हामटा खिंडीच्या ट्रेकसाठी आयोजकांनी पाठवलेल्या माहितीपत्रकात वाटेतल्या जवाराच्या नाल्याबद्दल एकच ओळ होती: पाणी घोट्याइतके असते, बूट काढून मजेत ओलांडता येते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात दुपारी दोनच्या सुमारास आम्ही त्या नाल्याच्या काठावर पोहोचलो, तेव्हा वाटाड्याने आत धरलेली काठी निम्मीअधिक बुडाली. पाण्याचा रंग दुधात राख कालवावी तसा होता, आणि तळाशी धोंडे एकमेकांवर आपटत असल्याचा आवाज पायांना जाणवत होता. हा वृत्तांत मुख्यतः त्या नाल्याबद्दल आहे. बाकीची वाट, ज्याने नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केला आहे, त्याला जड जाणार नाही. खिंडीची उंची सुमारे 4,270 मीटर आहे. विरळ हवेची सवय होण्यासाठी मनालीत एक दिवस जास्त ठेवावा, एवढेच सांगतो.

आमची चूक काय झाली ते आधी लिहितो, कारण सह्याद्रीत वाढलेला प्रत्येक ट्रेकर ती करणार आहे. आपल्याकडे ओढा पावसाने फुगतो. घाटमाथ्यावर ढग फुटला की पाव तासात पाणी चढते, आणि पाऊस थांबल्यावर दोन-तीन तास धीर धरला की बहुधा उतरते. त्यामुळे आपली नजर आपोआप आभाळाकडे जाते. त्या दिवशी चिकाच्या मुक्कामावर आभाळ निरभ्र होते, म्हणून दुसऱ्या तुकडीचा नाश्ता आटोपेपर्यंत थांबायला आम्ही आनंदाने तयार झालो आणि निघायला दहा वाजवले. प्रत्यक्षात ते निरभ्र आभाळच आमच्या विरुद्ध होते. हिमालयातला असा नाला उन्हाने फुगतो. सकाळी ऊन बर्फावर चढते, वितळलेले पाणी दुपारपासून खाली येऊ लागते, बर्फाच्या जवळच्या नाल्यात तीन ते सहाच्या दरम्यान ते सर्वांत जास्त असते, आणि रात्रभर थंडीने वितळणे मंदावल्यावर पहाटे सर्वांत कमी होते. बर्फापासून जितके दूर जावे तितका हा चढ उशिरा पोहोचतो, म्हणून खाली दरीत तोच लोंढा संध्याकाळी किंवा रात्रीसुद्धा येऊ शकतो. एवढी गोष्ट आम्हाला कोणी आधी सांगितली असती, तर आम्ही पहाटे पाचला तंबू मोडले असते.

वाटाड्या म्हणाला, "पाणी वाढतंय, पण जाता येईल." आम्ही पाच जण होतो. त्याने दोरी पलीकडे नेऊन खडकाला बांधली आणि एकेकाने दोरी धरून यायला सांगितले. मी तिसरा उतरलो. बूट गळ्यात, पाय अनवाणी, आणि सॅकचे छातीचा आणि कमरेचा असे दोन्ही पट्टे नेहमीप्रमाणे घट्ट लावलेले, म्हणजे करू नयेत त्या तिन्ही गोष्टी मी एकदम केल्या होत्या. चौथ्या पावलाला पायांची जाणीव गेली. पुढचा पाय कोणत्या गोट्यावर पडतो आहे हे समजेना, पाण्याला ओढ इतकी होती की उचललेला पाय जागेवर ठेवताच येईना, आणि माझ्या मागून येणारा मित्र आडवा झाला. त्याने दोरी सोडली नाही, परंतु पाण्याने सॅक डोक्यावरून पुढे ओढली आणि तो पालथाच लोंबकळत राहिला. कमरेच्या पट्ट्याचे बकल उघडायला त्याला हात मोकळा नव्हता. वाटाड्याने पाण्यात उडी घेऊन ते बकल दाबले, सॅक वाहून गेली आणि माणूस वाचला. सगळे मिळून अर्धे मिनिटही लागले नसेल. पलीकडच्या काठावर त्याचे दात वाजत होते आणि दोरीने सोललेले तळवे तो नुसते उघडून बघत बसला होता.

म्हणून माझे मत सरळ आहे. दुपारी बारानंतर जवाराला पोहोचलात तर अलीकडेच तंबू लावा, आणि आयोजक नाही म्हणाला तर त्याच्याशी भांडा. एक दिवस वाया गेला तरी चालेल.

त्या संध्याकाळी बालू का घेरा येथे मुक्कामाला पोहोचल्यावर मी झोपलो नाही, पाणी मोजत बसलो. हे मोजणे कोणालाही जमण्यासारखे आहे, म्हणून सविस्तर लिहितो. साडेचार वाजता पाण्याच्या अगदी कडेला एक चपटा दगड ठेवला आणि चालायच्या काठीवर चिकटपट्टीने वीत-वीत अंतरावर खुणा करून ती काठाजवळच्या संथ पाण्यात गोट्यांमध्ये रोवली. सहा वाजेपर्यंत दगड बुडाला आणि काठीवर पाणी चार बोटे चढले. रात्री दहाला ते मूळ जागी आले. पहाटे साडेपाचला दगड कोरडा होता, पाण्याची कड त्याच्यापासून तीन पावले मागे सरली होती, आणि काठीवर पाणी दीड वीत उतरले होते. आदल्या संध्याकाळी राखेच्या रंगाचे असलेले पाणी आता इतके निवळ होते की तळाचे खडे मोजता येत होते. मुक्कामाला पोहोचल्यावर चहाच्या आधी असा एक दगड ठेवण्याची सवय लावून घ्या. ढगाळ, उबदार रात्री किंवा बर्फावर पाऊस पडला असता पाणी पहाटेसुद्धा उतरत नाही, आणि ते घड्याळावरून कळत नाही, दगडावरून कळते.

खिंड ओलांडून शिया गोरूच्या मुक्कामाला उतरलो तो दिवस सुरेख गेला. तिथली नदी मात्र तंबूंना अगदी लागून वाहते आणि ती ओलांडल्याशिवाय ट्रेक जिथे संपतो त्या छत्रूला जाता येत नाही. संध्याकाळी तिचा गडगडाट ऐकून आमच्यातल्या दोघांनी परत फिरण्याची भाषा केली. सकाळी सहाला तीच नदी गुडघ्याखाली होती. थंडी भयंकर होती, पण ओढ नव्हती.

या वेळी आम्ही सगळे रीतसर केले. आधी काठाने वर-खाली फिरून नदी ओलांडण्याजोगी उथळ जागा कुठे आहे ते शोधले. पात्र रुंद होऊन दोन-तीन धारांत फुटते तिथे पाणी उथळ असते. अरुंद जागा जवळची वाटते, पण तिथेच ते खोल आणि वेगवान असते. खाली लगेच धबधबा, मोठे धोंडे किंवा अडकलेली झाडे असतील, तर ती जागा सोडून द्यावी. मग एक काडी पाण्यात टाकून तिच्या बरोबरीने काठावरून चालावे. भरभर चालूनही काडी पुढे जात असेल, तर गुडघ्यावर पाणी असलेल्या त्या प्रवाहात उतरू नये, कारण वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. धोंडे गडगडल्याचा आवाज येत असेल, तर काडी टाकण्याचीही गरज नाही.

उतरताना छातीचा आणि कमरेचा पट्टा उघडा ठेवावा. मागे पट्टा असलेले फ्लोटर्स घालावेत, मोजे सॅकमध्ये कोरडे राहू द्यावेत. तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला, काठी पुढे टेकलेली, आणि एका वेळी काठी किंवा पाय यांपैकी एकच हलवत तिरके खाली सरकत जावे. हातात हात धरून आडवी साखळी करणे घातक आहे, कारण एक घसरला की सगळ्यांना ओढतो. त्याऐवजी एकामागे एक, प्रवाहाच्या दिशेतच रांग धरावी, सर्वांत दणकट माणूस पाण्याच्या वरच्या अंगाला ठेवावा, आणि सगळ्यांनी मिळून पलीकडे सरकावे. दोरी अंगाला कधीही बांधू नये. वाहून जाण्याची वेळ आलीच, तर सॅक सोडून उताणे व्हावे, पाय पुढे आणि वर ठेवावेत, आणि पाणी उथळ होईपर्यंत उभे राहण्याचा प्रयत्न करू नये, कारण दगडांच्या फटीत पाय अडकला की पाणी माणसाला त्यावरच दाबून धरते.

नदीच्या पाण्याची माहिती मोबाइलवर मिळते का, असे काहींनी विचारले, म्हणून लिहितो. केंद्रीय जल आयोगाचे 2023 साली आलेले फ्लडवॉच इंडिया हे ॲप मोठ्या नद्यांसाठी उपयोगी आहे आणि मनालीला निघण्यापूर्वी तिथून वाहणाऱ्या बियास नदीची स्थिती त्यावर जरूर पाहावी. जुलै 2023 मध्ये बियासच्या खोऱ्यात महापूर आला आणि त्याच दिवसांत खिंडीपलीकडच्या चंद्रताल तळ्यापाशी अडीचशेहून अधिक पर्यटक अडकले होते. जवाराच्या नाल्याचा आकडा मात्र तुम्हाला तिथे मिळणार नाही. तिथे तुमचा दगड आणि काठी हेच मोजमाप. बियासच्या पात्रात फोटोसाठी उतरण्याचा मोह तर टाळाच. 8 जून 2014 रोजी थलौटजवळ लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात हैदराबादच्या महाविद्यालयाचे 24 विद्यार्थी वाहून गेले, तेव्हा पाणी पावसाने वाढले नव्हते आणि बर्फ वितळूनही नव्हते. धरणाखालच्या नदीचे पाणी कोणत्याही वेळी वाढू शकते, आणि भोंगा ऐकू येईलच असे धरून चालू नये.

आता छत्रूचा प्रकार. छत्रू ते चंद्रताल गाडीचे पैसे आम्ही पुण्यातूनच भरले होते. छत्रूला अकरा वाजता पोहोचल्यावर गाडीवाला म्हणाला, वाटेतल्या बातलच्या अलीकडच्या नाल्यांना पाणी जास्त आहे, माणशी दीड हजार आणखी द्या. पाणी जास्त आहे म्हणून पैसे वाढवणे आणि त्याच पाण्यात दुपारी एकला गाडी घालणे, या दोन्ही गोष्टी तो एकाच दमात सांगत होता. आम्ही दमलेले होतो, एकाची सॅक गेलेली होती, आम्ही पैसे दिले. ते देऊ नयेत. गाडीचा दर, नाला अडल्यास मुक्कामाचा खर्च कोणी करायचा आणि छत्रूहून निघण्याची वेळ, या तीन गोष्टी मनालीतच लेखी घ्याव्यात. वेळ सकाळची मिळत नसेल, तर छत्रूला राहून दुसऱ्या दिवशी पहाटे निघावे.

अपेक्षेप्रमाणे रस्त्यावरून वाहणाऱ्या एका नाल्याने आम्हाला तीन तास अडवले. समोर एक टेम्पो मधोमध बंद पडला होता आणि पाणी त्याच्या पायरीवरून आत शिरत होते. चालकाने प्रवाशांना खिडकीतून टपावर चढवले. शेवटी रस्ता दुरुस्त करणाऱ्यांच्या यंत्राने तो ओढून काढला, आणि आम्ही अंधारात चंद्रतालला पोहोचलो. तळ्याच्या सौंदर्याबद्दल पुष्कळांनी लिहिले आहे, मी त्यात भर घालत नाही. याच तळ्याच्या खालून वाहणारी चंद्रा नदी पुढे तांदीला भागा नदीला मिळून चंद्रभागा होते. पंढरपूरच्या वाळवंटात चंद्रभागेत नि:शंकपणे पाय बुडवणाऱ्या आपल्या माणसांनी या दुसऱ्या चंद्रभागेच्या वाटेला जाताना फार सावध असावे असे मला मनापासून वाटते.

परतताना आम्ही चालकाला पहाटे साडेचारला उठवले. तो कुरकुरला, पण निघाला. त्याच नाल्याशी पोहोचलो तेव्हा सहा वाजले होते. पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंतही नव्हते, आणि टेम्पोच्या चाकांनी आदल्या दिवशी उकरलेले दोन खड्डे तळाशी स्वच्छ दिसत होते.