चार अंशांचं हेड आणि ताशी नव्वद मैलांचा स्विंग

गोल्फमध्ये लाँग ड्राइव्ह म्हणजे सगळ्यात लांब फटका कुणाचा याची स्पर्धा. तिथल्या खेळाडूच्या ड्रायव्हरवरचा, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबवरचा, लॉफ्टचा आकडा वाचला की आधी छपाईची चूक वाटते. लॉफ्ट म्हणजे फेस, चेंडूला लागणारा पृष्ठभाग, किती मागे झुकलाय तो कोन. ५ अंश, ४ अंश, कधी ३. चेंडू भोकाकडे ढकलायच्या पटरलासुद्धा साधारण तीन-चार अंश लॉफ्ट असतो, म्हणजे हा गडी चक्क पटरच्या लॉफ्टने चारशे यार्डांच्या गोष्टी करतोय. मग असलं एखादं हेड (शाफ्टच्या, म्हणजे दांड्याच्या, टोकाचा ठोकळा) सेकंडहँड बाजारात दिसतं, किंमतही बरी वाटते आणि आपल्याही ड्राइव्हला पंचवीस-तीस यार्ड जोडले जातील या आशेने माणूस ते उचलतो. पुढच्या रविवारी चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून जाऊन दीडशे यार्डांवर गवतात लोळतो.

या हेडमध्ये जास्तीची ताकद भरलेली नसते. ते जास्त मार सोसायला बनवलेलं असतं. हा फरक कळला की बाकीचं सगळं जागच्या जागी बसतं.

नियम या हेडला आणि दुकानातल्या नेहमीच्या हेडला तेच. गोल्फचे नियम करणाऱ्या यूएसजीए आणि आर अँड ए या संस्थांच्या नियमांत हेडचं आकारमान ४६० घन सेंटीमीटर, वर १० ची सूट. फेसची उसळी मोजायला एक छोटा लोलक फेसवर आपटतात आणि तो किती मायक्रोसेकंद टेकून राहिला ते बघतात. त्याला सीटी म्हणतात. मर्यादा २३९, वर १८ ची सूट, म्हणजे २५७ च्या पुढे हेड बाद. जुन्या सीओआरच्या, म्हणजे आदळल्यावर किती वेग परत मिळतो त्या गुणोत्तराच्या, भाषेत ही मर्यादा ०.८३० च्या आसपास येते. दुकानातली नावाजलेली हेडं आधीच या भिंतीला टेकलेली असतात, त्यामुळे उसळीत कुणी कुणाच्या फार पुढे जाऊच शकत नाही.

हिशेब मांडून बघा. चेंडू मधोमध लागला असं धरा. हेडच्या वेगाला (१ + सीओआर) ने गुणायचं आणि (१ + चेंडूचं वजन भागिले हेडचं वजन) ने भागायचं. चेंडू ४५.९ ग्रॅम, हेड २०० ग्रॅम, सीओआर ०.८३. गुणक येतो १.४९. ट्रॅकमॅन या फटका मोजणाऱ्या रडारवर स्मॅश फॅक्टर, म्हणजे चेंडूचा वेग भागिले हेडचा वेग, दीडच्या पुढे का सरकत नाही, ते इथे दिसतं. ताशी ९० मैलांच्या स्विंगला बॉल स्पीड १३४ मिळतो, १४५ च्या स्विंगला २१६. गुणक दोघांचाही तोच. फरक आहे तो माणसाच्या वेगात.

हा फरक फेसला मात्र चांगलाच जाणवतो. चेंडू फेसवर जेमतेम अर्धा मिलिसेकंद टेकतो. तेवढ्यात त्याला १३४ मैलांपर्यंत न्यायला सरासरी सहाशे किलोंच्या आसपास जोर लागतो, २१६ ला हजार किलो. त्या क्षणाचा कळस याहून बराच वर. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे प्रत्येक फटक्याला फेसवर अडीचपट मार. नेहमीच्या हेडचा टायटॅनियमचा फेस मध्यभागी साधारण तीन-साडेतीन मिलिमीटर आणि कडांकडे त्याहून पातळ असतो. ९० च्या स्विंगखाली तो वर्षानुवर्षं टिकतो. १४५ खाली काही दिवसांतच तडकू शकतो. म्हणून लाँग ड्राइव्हसाठीच्या हेडचा फेस जाड ठेवतात किंवा जास्त चिवट मिश्रधातूचा करतात, आणि फेस आणि क्राउन (हेडचं वरचं कवच) यांच्या जोडावर जास्त धातू देतात. एवढं करूनही खेळाडू स्पर्धेला एकाच मापाची तीन-चार हेडं घेऊन जातात. अडीच-तीन मिनिटांत सहा ते आठ चेंडू मारायचे, पन्नास-साठ यार्ड रुंदीच्या ग्रिडमध्ये, म्हणजे आखलेल्या पट्ट्यात, पडलेला सगळ्यात लांबचा एकच मोजायचा. तिसऱ्या चेंडूला फेस तडकला तर बॅगेत दुसरा हवाच.

आता त्या चार अंशांकडे वळू. ड्रायव्हरचा फेस सपाट नसतो. वरून खाली त्याला गोलाई असते, तिला रोल म्हणतात, आणि तिची त्रिज्या साधारण १२ इंच असते. त्यामुळे मध्यापेक्षा अर्धा इंच वर लागलेल्या चेंडूला छापील आकड्यापेक्षा २.४ अंश जास्त लॉफ्ट मिळतो, आणि अर्धा इंच खाली लागला तर तेवढाच कमी. लाँग ड्राइव्हवाले नियमात बसणारी सगळ्यात उंच, चार इंची टी (चेंडू ठेवायची खुंटी) वापरतात, चेंडू फेसच्या वरच्या भागावर घेतात आणि हेड पाच-सहा अंशांनी वर चढत असताना फटका मारतात. बेरीज करा: चार छापील, दोन-अडीच रोलचे, सहा चढणीचे, दोन-तीन शाफ्ट पुढे वाकल्याचे. झाले चौदा-पंधरा. चेंडू बारा-तेरा अंशांनी सुटतो. शिवाय बॅकस्पिन, म्हणजे चेंडूची मागच्या दिशेची फिरकी, ठरतो तो प्रत्यक्ष लॉफ्ट आणि हेडची चढण यांच्यातल्या फरकावर, आणि इथे तो फरक आठ-नऊच आहे. एवढ्या बॉल स्पीडला स्पिन जास्त झाला तर चेंडू फुग्यासारखा वर चढतो आणि वाऱ्यात अडकतो, म्हणून हा सगळा खटाटोप.

तेच हेड हौशी खेळाडूच्या हातात द्या. हेड दोन अंश खाली येत असताना फटका, चेंडू मधोमध. चारातून दोन गेले, शाफ्टचे दोन-तीन आले, उरले पाचाच्या आत. १३४ च्या बॉल स्पीडला चेंडू हवेत धरून ठेवायला लिफ्ट लागते आणि लिफ्ट देतो तो स्पिन. इथे उंचीही नाही आणि स्पिनही नाही. ९० च्या आसपास स्विंग असेल तर साडेदहा ते बारा अंशांचं हेड घ्यावं. १२ अंश म्हटलं की आपल्याकडे लोकांना कमीपणा वाटतो. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक असल्यामुळे साडेनऊ छापलेल्या कित्येक हेडांचा खरा लॉफ्ट अंशभर जास्त भरतो. क्लब फिटरकडे गेजवर मोजून घ्या, छापील आकड्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

वजनाची भानगड लांबीशी बांधलेली आहे. पटर सोडून कुठल्याही क्लबला नियमात ४८ इंचांपर्यंत मुभा आहे. जानेवारी २०२२ पासून मोठ्या स्पर्धांना ४६ इंचांचा स्थानिक नियम लावण्याची सोय झाली आणि अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धा भरवणाऱ्या पीजीए टूरने तो लावला. लाँग ड्राइव्हमध्ये ४८ चालतात. अर्धा इंच लांबी वाढली की स्विंगवेट, म्हणजे फिरवताना हेड किती जड वाटतं त्याचं माप, तीन अंकांनी वाढतं, आणि एक अंक उतरवायला हेडमधून सुमारे दोन ग्रॅम काढावे लागतात. ४५ वरून ४८ म्हणजे अठरा अंक, ३६ ग्रॅम! तेवढं कुणी काढत नाही, कारण हेड हलकं केलं की गुणकही घसरतो: २०० ग्रॅमला १.४९, १९० ला १.४७. म्हणून दहा-पंधरा ग्रॅम उतरवून उरलेला जडपणा पचवतात. हौशी माणसाने ४६ ची शाफ्ट लावायच्या आधी जुन्याच ड्रायव्हरच्या फेसवर पायाचा पावडर स्प्रे मारून दहा चेंडू मारून बघावेत. ठसे रुपयाच्या नाण्यात मावत नसतील तर लांबी वाढवण्याऐवजी पाऊण इंच कापलेली बरी. कापल्यावर गेलेले अंक सोलवर, म्हणजे हेडच्या तळाला, शिशाची टेप लावून भरून काढता येतात. अर्धा इंच रुंद टेपचा चार इंची तुकडा साधारण दोन ग्रॅम भरतो.

हाय सीओआर म्हणून विकली जाणारी हेडं हा तिसराच प्रकार, आणि लाँग ड्राइव्हच्या हेडाच्या बरोबर उलटा. त्यात फेस मुद्दाम पातळ करतात. सीओआर ०.८६ धरा: गुणक १.५१, ९० च्या स्विंगला बॉल स्पीड दोन मैलांनी जास्त, अंतर चार-पाच यार्ड. बस्स. सत्तरीतल्या माणसाला मित्रांबरोबर खेळताना तेही गोड लागत असतील तर जरूर घ्यावं, पण नियमाने खेळायच्या फेरीत ते चालत नाही. आणि ११० चा स्विंग असलेल्या पुतण्याच्या हातात तर देऊच नये, फेस फुटेल.

काही ड्रायव्हरांच्या जाहिरातीत दिसणाऱ्या ‘१०के’ या अक्षरांचंही तसंच. उभ्या अक्षाभोवतीच्या जडत्वाघूर्णाची, म्हणजे हेड मुरडायला किती विरोध करतं त्या मापाची, नियमातली मर्यादा ५९०० आहे, वर १०० ची सूट. दहा हजार येतात ते उभ्या आणि आडव्या अक्षाचे आकडे एकत्र करून. हेडं क्षमाशील आहेत हे खरं, टोवर, म्हणजे हेडच्या बाहेरच्या टोकावर, लागलेला चेंडूही बराच वेग राखतो. पण दहा हजार वाचून नियम दुप्पट ओलांडला असं समजू नका.

फेस एका दिवसात जात नाही. वापराने तो आधी थोडा लवचीक होतो, सीटी चढत जाते. २०१९ च्या ब्रिटिश ओपनला पोर्टरशमध्ये झँडर शॉफेले या व्यावसायिक खेळाडूचा ड्रायव्हर तपासणीत बाद झाला. २०२५ च्या पीजीए चॅम्पियनशिपला स्कॉटी शेफलरचा झाला, आणि तो दुसरा ड्रायव्हर घेऊन जिंकला. म्हणजे तडा जायच्या आधीचे काही दिवस फेस सगळ्यात उसळता असतो. ड्राइव्ह अचानक लांब जायला लागले तर खूश व्हा, पण फेसही बघा.

बघायचं कसं? फेस साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा. व्हाइटबोर्डच्या मार्करने पूर्ण काळा करा आणि कोरड्या फडक्याने पुसा. तडा असेल तर केसासारखी काळी रेघ मागे राहते. बहुतेकदा ती फेसच्या खोबणींना समांतर किंवा क्राउनच्या जोडालगत सापडते. खोबणीतही शाई राहते, त्यामुळे खोबण संपल्यावरही रेघ पुढे जाते का ते बघायचं. मग नख आडवं फिरवा, तड्यावर ते अडकतं. नंतर स्टीलची छोटी पट्टी हील (शाफ्टकडचं टोक) ते टो आडवी, मध्यावर टेकवून धरा. आडव्या गोलाईची, म्हणजे बल्जची, त्रिज्याही १२ इंचांच्या आसपास असल्याने मध्यापासून दीड इंचावर सव्वादोन-अडीच मिलिमीटर फट दिसायला हवी. ती मिलिमीटरभरच उरली असेल किंवा पट्टी डुलतच नसेल तर फेस आत बसलाय. तडा नसला तरी असं हेड संपलं, कारण बल्ज गेला की (उजव्या हाताने खेळणाऱ्याचा) टोवर लागलेला चेंडू उजवीकडे सुटून परत मधे येत नाही, डावीकडेच पळतो. सेकंडहँड हेड घेताना या पाच मिनिटांची लाज बाळगू नका. हेड कानाशी धरून हलवाही. खुळखुळ आली तर बहुधा आत ग्लूचा तुकडा सुटलेला असतो, ते निस्तरता येतं. भद्द आवाज आला आणि चेंडूही कमी जायला लागला तर मात्र तडाच शोधा.

शेवटचं होझल, म्हणजे हेडमधली शाफ्ट बसायची नळी. लॉफ्ट बदलायला फिरवता येणाऱ्या स्लीव्हला (शाफ्टच्या टोकावरच्या नळीला) टॉर्कच्या पान्याने टक् होईपर्यंतच आवळायचं, हाताच्या अंदाजाने नाही. लॉफ्ट वाढवला की फेस थोडा बंद होतो, त्यामुळे आधीच हुक (डावीकडे वळणारा फटका) मारणाऱ्याने लॉफ्ट स्लीव्हवर वाढवण्यापेक्षा जास्त लॉफ्टचं हेडच घ्यावं. लाँग ड्राइव्हमध्ये पुष्कळ जण शाफ्ट थेट चिकटवलेली हेडं पसंत करतात: सुटे भाग कमी, काही ग्रॅम वाचतात. १४५ च्या वेगाला हेड शाफ्टला पन्नास किलोंच्या आसपास जोराने बाहेर ओढतं, ९० ला वीस. हे सगळं तोलून धरतं ते इंच-सव्वा इंच लांबीचं इपॉक्सी. म्हणून ०.३३५ इंची टोकाचा रंग पूर्ण खरवडा, पण ग्रॅफाइटचे धागे दिसायला लागायच्या आत थांबा. होझल आतून घासून अल्कोहोलने पुसा, दोन भागांचं इपॉक्सी दोन्हीकडे लावा आणि चोवीस तास हात लावू नका. काढताना उष्णता फक्त होझलला द्यायची, कार्बन क्राउनवर ओलं फडकं ठेवायचं आणि शाफ्ट पुलरने सरळ ओढायची. पिळली तर धागे तुटतात.

एप्रिल-मेमध्ये पुण्यात किंवा नागपुरात क्लब गाडीच्या डिकीत ठेवू नका. तिथे तापून इपॉक्सी हळूहळू मऊ पडतं. होझलवरची काळी फेरूल (प्लॅस्टिकची कडी) मिलिमीटरभर वर सरकलेली दिसली की तो ड्रायव्हर रेंजवर न्यायचा नाही, आधी पुन्हा चिकटवून घ्यायचा.